चौदा लाखांचा अंदाज, ऐंशी लाखांचं बिल

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, जॉर्जियन बे या विस्तीर्ण उपसागराच्या काठावर कॉलिंगवुड नावाचं गाव आहे. एके काळी तिथे जहाजं बांधली जात. १९८६ मध्ये ती गोदी बंद पडली आणि गाव हळूहळू पर्यटकांवर आणि निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्यांवर जगू लागलं. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २४,८११ भरली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी वस्ती. या गावाच्या नगरपरिषदेने २६ फेब्रुवारी २०१८ रोजी ठराव केला की, आपल्या कारभारातल्या दोन जुन्या व्यवहारांची न्यायाधीशामार्फत चौकशी व्हावी. सुरुवातीला खर्चाचा अंदाज १४ ते १६ लाख डॉलर इतका सांगितला गेला. २ नोव्हेंबर २०२० रोजी अहवाल हाती आला, तोवर आकडा ८० लाख डॉलरच्या घरात पोचला होता. माणशी भागलं तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला तीनशेहून अधिक डॉलर येतात.

गावातले लोक चिडले. ज्यांनी चौकशीची मागणी केली होती त्यांच्यातलेही काही चिडले. हा राग समजून घ्यायला हवा, कारण तो फक्त पैशांचा नाही. ज्याने चूक केली नाही त्यानेच चुकीचा शोध घेण्याचंही बिल भरायचं, असा हा व्यवहार असतो. त्यात ऑन्टारिओतल्या नगरपालिकांना आयकर किंवा विक्रीकर लावता येत नाही. त्यांचा मुख्य आधार घरपट्टीचा, आणि चालू खर्चासाठी तुटीचं अंदाजपत्रक मांडायलाही कायद्याची मनाई आहे. त्यामुळे चौकशीचा प्रत्येक जादा डॉलर राखीव निधीतून उपसावा लागतो किंवा घरपट्टीतून काढावा लागतो. वरून कोणी भर घालत नाही.

चौकशी कशाची होती, तेही पाहू. पहिला व्यवहार गावाच्या मालकीच्या वीज वितरण कंपनीचा. ‘कॉलस’ नावाच्या या कंपनीचा निम्मा हिस्सा २०१२ मध्ये ‘पॉवरस्ट्रीम’ या मोठ्या कंपनीला विकला गेला. दुसरा व्यवहार त्याच वर्षीचा. विक्रीतून आलेला पैसा वापरून पोहण्याचा तलाव आणि बर्फावरच्या खेळांचं मैदान यांवर खास कापडाचं आच्छादन असलेल्या दोन इमारती उभारण्याचं काम ऑगस्ट २०१२ मध्ये स्पर्धात्मक निविदा न मागवता दिलं गेलं. रक्कम सव्वा कोटी डॉलरच्या आसपास होती. त्या वेळच्या महापौरांचा सख्खा भाऊ माजी खासदार होता आणि सल्लागाराचा व्यवसाय करत होता. वीज कंपनीच्या खरेदीदाराने त्याला सल्लागार म्हणून पैसे दिले होते, आणि इमारतींच्या व्यवहारात त्याच्या कंपनीला बांधकाम कंत्राटदाराकडून साडेसात लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. गावाने सव्वा कोटी मोजले, त्यातला हा भाग कुठे गेला हे गावाला ठाऊक नव्हतं. न्यायमूर्ती फ्रँक मारोक्को यांनी हे सगळं साक्षीपुराव्यांतून उघड केलं आणि चार खंडांचा, ३०६ शिफारशींचा अहवाल दिला.

मग राग कोणावर धरायचा? त्यासाठी आधी ही चौकशी चालते कशी, ते कळायला हवं.

ऑन्टारिओच्या २००१ च्या नगरपालिका कायद्यात २७४ वं कलम आहे. नगरपरिषदेने ठराव करून मागणी केली की प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाला चौकशी करावीच लागते. नगरसेवक, कर्मचारी किंवा नगरपालिकेचा कंत्राटदार यांच्या गैरवर्तनाची चौकशी मागता येते; शहराच्या सुशासनाशी जोडलेल्या कुठल्याही विषयाची आणि सार्वजनिक कारभाराच्या कुठल्याही भागाचीही मागता येते. हा अधिकार मोठा आहे. प्रांताच्या मंत्रिमंडळाची मनधरणी करावी लागत नाही, कोणाची राजकीय सोय पाहावी लागत नाही. साध्या बहुमताच्या ठरावावर न्यायाधीश गावात येऊन बसतो. पण ठराव झाल्या क्षणी लगाम परिषदेच्या हातून सुटतो. वकील किती नेमायचे, कोणते कागद मागवायचे, किती साक्षीदार बोलवायचे, सुनावणी किती दिवस चालवायची, हे सगळं न्यायाधीश ठरवतात. परिषदेने फक्त बिलं भरायची.

असं असणं योग्यच आहे, कारण ज्यांची चौकशी व्हायची तेच नगरसेवक किंवा त्यांचे सहकारी तिजोरीपाशी बसलेले असतात. त्यांनी वकिलांची संख्या ठरवली तर त्या चौकशीवर कोण विश्वास ठेवेल? तरीही करदात्याच्या बाजूने पाहिलं तर ही कोऱ्या चेकवर केलेली सही आहे, आणि ती करताना लोकांना रक्कम मात्र छापील सांगितलेली असते.

पहिला दोष इथेच आहे. अंदाज दिला जातो तेव्हा एकही कागद कोणी पाहिलेला नसतो. जुन्या वाड्याची भिंत खरवडायला घेतल्याशिवाय आतलं लाकूड किती पोखरलंय ते कळत नाही, तसंच इथेही होतं. शिवाय काळ ईमेलचा आहे. पूर्वी एखाद्या व्यवहाराची फाइल म्हणजे चार-पाच जाड बाडं असत. आता अधिकारी, नगरसेवक, कंपन्या, सल्लागार या सगळ्यांच्या वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराची छाननी करावी लागते. हे काम तासाच्या दराने फी घेणारे वकील करतात. साक्ष सुरू होण्यापूर्वीच पैसा पाण्यासारखा वाहिलेला असतो, आणि लोकांना दिसते ती फक्त शेवटच्या काही आठवड्यांची सुनावणी.

खर्च वाढण्याचं पुढचं कारण न्यायाचं आहे आणि त्यावर तडजोड करता येत नाही. ज्याच्या वर्तनावर बोट ठेवलं जाईल त्याला वकील देण्याचा, साक्षीदार बोलवण्याचा, उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. अशी माणसं आणि संस्था पाच असतील तर टेबलाभोवती वकिलांचे पाच संच बसतात. त्यात चौकशी आयोगाचे वकील वेगळे आणि नगरपालिकेचे वेगळे. या दोघांचीही फी घरपट्टीतूनच. एका साक्षीदाराला आयोगाचा वकील दोन तास प्रश्न विचारतो, मग बाकीचे आपापल्या अशिलाचा बचाव होईल असे प्रश्न विचारत राहतात. दिवस निघून जातो.

एवढं करून चौकशीअंती कोणी तुरुंगात जात नाही. कॅनडात अशा चौकशीला फौजदारी वा दिवाणी दायित्व ठरवण्याचा अधिकारच नाही. ती घडलेलं सांगते आणि पुढे काय करावं ते सुचवते. ही गोष्ट ठरावाच्या वेळी ठासून सांगितली जात नाही. मग अहवालाच्या दिवशी लोक विचारतात, “एवढे पैसे घालवून मिळालं काय? शिक्षा कोणाला झाली?” हा प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही, त्याला आधी नीट सांगितलं गेलं नव्हतं.

कॉलिंगवुडमध्ये आणखी एक तक्रार होती. चौकशीच्या बाजूने उभे राहिलेले उपमहापौर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये महापौर निवडले गेले आणि २०२२ मध्ये प्रांताच्या विधिमंडळात पोचले. ही चौकशी म्हणजे आधीच्या मंडळींवर उगवलेला सूड आहे, असं म्हणणारा एक गट गावात शेवटपर्यंत राहिला. मला हा आरोप अपुरा वाटतो. ज्या व्यवहारात महापौरांच्या भावाला गावाच्या नकळत लाखो डॉलर मिळाले, तो तपासण्यामागचा हेतू कुणाचा काहीही असो, तपासण्याजोगा तो होताच.

आता कॉलिंगवुडच्या दक्षिणेला, ऑन्टारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाशी असलेल्या हॅमिल्टनकडे वळू. हे पोलादाचं शहर, २०२१ मध्ये लोकसंख्या ५,६९,३५३. तिथे नोव्हेंबर २००७ मध्ये ‘रेड हिल व्हॅली पार्कवे’ हा वेगवान रस्ता सुरू झाला. दरीतून जाणारा, वळणांचा. पावसात या रस्त्यावर गाड्या घसरतात, अशी तक्रार चालक करू लागले आणि अपघातांत माणसं दगावली. शहराने २०१३ मध्ये रस्त्याच्या घर्षणाची तपासणी करवून घेतली. पृष्ठभाग ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या निकषांपेक्षा कमी पकडीचा निघाला. तो अहवाल २०१४ च्या सुरुवातीला महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागात पोचला आणि तिथेच राहिला. २०१८ मध्ये नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांच्या तो नजरेस पडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये परिषदेने तो जाहीर करून लोकांची माफी मागितली, वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणली आणि त्याच वर्षी रस्त्याचा पृष्ठभाग नवा केला.

एप्रिल २०१९ मध्ये हॅमिल्टनने २७४ व्या कलमाखाली चौकशी मागितली. खर्चाचा अंदाज होता २० लाखांपासून १ कोटी १० लाख डॉलरपर्यंत. खालची आणि वरची कड यांत पाचपटीहून जास्त अंतर! निदान हा अंदाज प्रामाणिक होता, असं म्हणावं तर प्रत्यक्षात बिल वरची कडही ओलांडून सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरवर गेलं. न्यायमूर्ती हर्मन विल्टन-सीगल यांची नेमणूक २०१९ ची. जाहीर सुनावणी सुरू झाली एप्रिल २०२२ मध्ये. अहवाल आला नोव्हेंबर २०२३ मध्ये. मध्ये कोरोनाची साथ होती, हे खरंच. पण त्याबरोबर एक वाद चालला होता, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. काही कागद वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेखाली येतात, ते आयोगाला देता येणार नाहीत, अशी भूमिका महापालिकेने घेतली. ज्या संस्थेने चौकशी मागितली, तिनेच कागद रोखायला वकील लावले. करदाता एका हाताने कागद शोधणाऱ्या वकिलाला पैसे देत होता आणि दुसऱ्या हाताने ते झाकणाऱ्या वकिलाला.

निष्कर्ष काय निघाला? तो अहवाल नगरसेवकांपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचायला हवा होता, तो पोचला नाही. रस्त्याची कमी पकड हे पावसातल्या अपघातांमागचं इतर घटकांसोबतचं एक कारण असू शकतं. ज्यांनी या रस्त्यावर आपली माणसं गमावली, त्यांच्यासाठी एवढं अधिकृतपणे लिहिलं जाणं मोलाचं होतं. पण याच वेळी दुसरा हिशोबही मांडावा लागेल. २०१४ मध्ये तो अहवाल परिषदेच्या एखाद्या बैठकीच्या विषयपत्रिकेत जोडला गेला असता, तर त्याचा खर्च छपाईपुरता आला असता. चौकशीचं वाढलेलं बिल म्हणजे फार मोठ्या प्रमाणात दडवादडवीचं बिल आहे. जितकी वर्षं एखादी गोष्ट दाबून ठेवाल, तितके कागद वाढतात, माणसं बदलतात, आठवणी पुसट होतात आणि सत्य बाहेर काढणं महागत जातं. करदात्याच्या रागाचा मोठा वाटा चौकशी करणाऱ्यांपेक्षा त्या दडवणाऱ्यांकडे जायला हवा.

खर्च मोठा असूनही चौकशी पदरात काही टाकते का, याचं उत्तर टोरोंटोने दिलं आहे. १९९९ मध्ये टोरोंटो शहराने संगणक भाड्याने घेण्याचा करार केला. परिषदेने मंजुरी दिली ४ कोटी ३० लाख डॉलरला; प्रत्यक्ष बोजा त्याच्या जवळपास दुप्पट झाला. २००२ मध्ये चौकशी मागवली गेली. न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांनी २१४ दिवस सुनावणी घेतली, १५६ साक्षीदार तपासले आणि सप्टेंबर २००५ मध्ये २४१ शिफारशींचा अहवाल दिला. खर्च १ कोटी ९० लाख डॉलरच्या वर. तेव्हाही वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली होती. पण टोरोंटो पंचवीस लाखांचं शहर, माणशी आठ डॉलरही पडले नाहीत. आणि त्या अहवालानंतर शहराला लॉबिंग करणाऱ्यांची नोंद ठेवणारा निबंधक मिळाला, स्वतःचा लोकपाल मिळाला, आणि सचोटी आयुक्त, महालेखापाल ही पदं कायद्याने अनिवार्य झाली. कंपनीचा विक्रेता नगरसेवकाला भेटला तर आज टोरोंटोत त्याची नोंद होते आणि कोणालाही ती पाहता येते. बेलामींनी आणखी एक काम केलं, ज्याची दखल पुरेशी घेतली गेली नाही. अहवालाचा एक अख्खा खंड त्यांनी चौकशी कशी चालवावी यावरच लिहिला, म्हणजे पुढच्या शहराला सगळं पहिल्यापासून शिकावं लागू नये.

तुलना केली तर ध्यानात येतं की चौकशीचा खर्च गावाच्या आकाराप्रमाणे लहान होत नाही. वकील, न्यायाधीश, कागद, उलटतपासणी हे सगळं पंचवीस लाखांच्या शहराला जेवढं लागतं, त्याच जातीचं पंचवीस हजारांच्या गावालाही लागतं. भार मात्र माणशी चाळीसपट पडतो. लहान गावांसाठी हे कलम जवळजवळ न परवडणारं हत्यार आहे, आणि भ्रष्टाचार काही गावाची शिरगणती पाहून होत नाही.

यावर उपाय काय, याचं अर्धं उत्तर प्रांताने स्वतःपुरतं शोधलं आहे. कॉर्नवॉल या शहरातल्या बालकांवरच्या अत्याचारांच्या आरोपांबाबत संस्थांनी काय केलं, याची चौकशी प्रांत सरकारने २००५ मध्ये नेमली. ती २००९ पर्यंत चालली आणि ५ कोटी ३० लाख डॉलरचा खर्च झाला. त्याच वर्षी नवा सार्वजनिक चौकशी कायदा झाला. आता प्रांताने नेमलेल्या आयोगाच्या आदेशातच समाप्तीची आणि अहवालाची तारीख घालावी लागते. म्हणजे प्रांताने आपल्या तिजोरीला कुंपण घातलं. नगरपालिकेच्या ठरावावर सुरू होणाऱ्या चौकशीला मात्र अशी तारीख कायद्याने घालून दिलेली नाही. हॅमिल्टन आणि कॉलिंगवुडच्या चौकश्या या नव्या कायद्यानंतरच्या आहेत, हे विसरता कामा नये. प्रांताला स्वतःसाठी जे पटलं ते गावांसाठी का पटू नये, हा प्रश्न तिथल्या करदात्यांनी आमदारांना विचारायला हवा.

अर्थात कायद्यात एक ओळ लिहिली की काम झालं, असंही नाही. ब्रिटनच्या २००५ च्या चौकशी कायद्यात अध्यक्षांनी अनावश्यक खर्च टाळण्याचं भान ठेवावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. तरीही एडिनबरा शहराच्या ट्राम प्रकल्पातल्या गोंधळाची चौकशी २०१४ मध्ये सुरू होऊन अहवाल यायला सप्टेंबर २०२३ उजाडला. खर्च १ कोटी ३० लाख पौंड. भान ठेवा म्हणणं वेगळं आणि दर तीन महिन्यांनी खर्च जाहीर करायला लावणं वेगळं.

काही जण म्हणतात, खर्च हाताबाहेर गेला तर परिषदेला चौकशी थांबवण्याचा अधिकार द्या. महाराष्ट्राचा अनुभव असलेल्या माणसाने याला ठाम नकार द्यावा. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने गुंडाळला होता. काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू करावा लागला आणि १९९८ मध्ये अहवाल आला. थांबवण्याची कळ पैसे देणाऱ्याच्या हाती असली की ती कधी दाबली जाईल, हे त्यातून पुरेसं दिसतं. आपल्याकडे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमतं ते केंद्र किंवा राज्य सरकार. इथल्या नगरपरिषदेला ऑन्टारिओसारखा ठराव करून न्यायाधीश बोलावता येत नाही. आणि मुदतवाढीचा आजार आपल्याकडे अधिक जुना आहे. बाबरी मशीद प्रकरणातल्या लिबरहान आयोगाला १७ वर्षांत ४८ मुदतवाढी मिळाल्या. कोरेगाव भीमा आयोगाला २०१८ मध्ये चार महिन्यांची मुदत दिली होती. ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. तिकडे निदान गावातला सामान्य माणूस चौकशीचा आकडा पाहून संतापतो. आपल्याकडे आकडा पाहण्यासाठी बहुधा माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो.

स्वस्त मार्गही आहेत, आणि ऑन्टारिओत ते आता बऱ्यापैकी उभे राहिले आहेत. २०१६ पासून प्रांताच्या लोकपालाला नगरपालिकांविरुद्धच्या तक्रारी ऐकता येतात. मार्च २०१९ पासून प्रत्येक नगरपालिकेला सचोटी आयुक्ताची सोय ठेवावीच लागते. शहराला वाटलं तर ते आपला स्वतंत्र लेखापाल नेमू शकतं. हे दरवाजे आधी ठोठावले आणि तिथे उत्तर मिळालं नाही, तरच न्यायाधीशाकडे जाणं हा शहाणपणाचा क्रम आहे. जायची वेळ आलीच, तर विषय एका व्यवहारापुरता आखून घ्यावा, खर्चाच्या दोन्ही कडा लोकांपुढे मांडाव्यात आणि आपलेच कागद आपण अडवणार नाही, हे ठरावातच लिहून द्यावं.

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, टोरोंटो परिसरात आज हजारो मराठी घरं आहेत आणि घरपट्टीचा भार त्यांच्यावरही पडतो. मिसिसागाने तर अशी चौकशी स्वतः अनुभवली आहे. २००९ मध्ये महापौर हेझल मॅक्कॅलियन यांच्या मुलाच्या जमीन व्यवहारावरून चौकशी मागितली गेली आणि २०११ च्या अहवालात न्यायमूर्ती डग्लस कनिंगहॅम यांनी महापौरांचे हितसंबंध गुंतले होते असा निष्कर्ष काढला. ऑन्टारिओत नगरपालिका निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होते. तिथल्या मराठी मतदारांनी दारात येणाऱ्या उमेदवाराला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: तुमच्या शहराच्या जुन्या चौकशीतल्या किती शिफारशी अमलात आल्या, आणि नवी चौकशी मागायची झाली तर तिचा खर्च दर तीन महिन्यांनी जाहीर करायला तुम्ही बांधील राहाल का? उत्तर लिहून घ्या, आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी ते त्यांच्यापुढे ठेवा.